केस नक्की कुणाला हवेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पुरवणीत अर्धं पान भरून हेअर ट्रान्सप्लांटची जाहिरात होती, आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली 'सवलत मर्यादित काळासाठी'. ती बघून लिहायला बसले कारण दोन महिन्यांपूर्वी अशीच एक जाहिरात कापून मी स्वतः आमच्या फ्रिजवर लावून ठेवली होती.

माझा मुलगा २८ वर्षांचा, पुण्यात नोकरी, पगार बरा, उंची चांगली, पण कपाळ मागे मागे सरकत चाललंय, वडिलांवर गेलाय. दीड वर्ष स्थळं बघतोय. एका मुलीच्या आईने मला फोनवर सरळ विचारलं, "फोटो जुना आहे का हो?" आणि तो होताच जुना, चांगला पाच वर्षांपूर्वीचा, मीच टाकला होता बायोडेटाला. त्या रात्री झोप नाही लागली मला आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या मागेच लागले, करून टाक एकदाचं म्हणून.

पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. एसी, कॉफी, सोफा. टॅब घेऊन एक चुणचुणीत मुलगी आली, आम्हाला वाटलं डॉक्टर, ती निघाली काउन्सेलर. डोक्याला हातसुद्धा न लावता तिने ३००० ग्राफ्ट, म्हणजे लावायची केसांची मुळं, सांगून टाकले, मग एका ग्राफ्टचा रेट, बारा महिन्यांचे हप्ते, वर १८ टक्के जीएसटी, पण आजच बुकिंग केलंत तर तो "अ‍ॅडजस्ट करू". सर्जरी कोण करणार विचारलं तर म्हणे आमची टीम आहे मॅडम. खोटं कशाला बोलू, मी पर्समधून कार्ड काढलंच होतं, मुलगाच म्हणाला आई उद्या बघू.

तो जीएसटी मात्र डोक्यात राहिला. दवाखान्यातल्या साध्या उपचारांना जीएसटी नसतो मग इथे कसा? तर नियमच तसा आहे, केस लावणं आणि कॉस्मेटिक सर्जरी यांना टॅक्स लागतो, पण जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात, इजा यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर माफ. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला लगेच कावसजी आठवला. इंग्रजांच्या फौजेतला मराठा बैलवाला, १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त तो बिननाकाचा हिंडला आणि मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ ला लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं, तेही संपादकांना आलेलं पत्रच. तुला नाक कशाला हवंय असं त्याला कुणी विचारलं नसणार.

आम्हाला विचारलं. ओळखीतून एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी भिंगातून टाळू बघितली, डोक्याची मागची बाजू बघितली, वडिलांचं मामांचं विचारलं, कधीपासून गळतात, किती गळतात, आणि मग पेन खाली ठेवून म्हणाले, "केस नक्की कुणाला हवेत?" मुलगा हसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी पर्सची चेन उघडझाक करत बसले.

मग त्यांनी नीट समजावलं. डोक्याच्या मागचे केस काढूनच पुढे लावतात आणि तो मोजका साठा, तिथून मूळ काढलं की तिथे परत येत नाही. आत्ता गळती चालू असताना पुढची रेघ भरून घेतली आणि तिच्यामागचे टाळूवरचे जातच राहिले तर चार-पाच वर्षांनी पुढे बांध आणि मागे पडीक रान. लावलेले केससुद्धा आधी दोन-चार आठवड्यांत बरेचसे झडतात, तीन-चार महिन्यांनी फुटायला लागतात, खरं रूप दिसायला वर्ष जातं, म्हणजे जानेवारीत करून मेमध्ये बोहल्यावर चढायचं असलं काही नसतं. आणि आपले उरलेले केस टिकवायचे तर सर्जरीनंतरही औषध चालूच. गोळीचे साइड इफेक्टही त्यांनी माझ्यासमोरच मोकळेपणी सांगितले, मुलगा लाजला, मी नाही. शेवटी म्हणाले वर्षभर औषध घे, मग तुलाच वाटलं तर ये. एकटा ये.

मी काही या सर्जरीच्या विरोधात नाही हं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीने नाकाचं ऑपरेशन केलं, चार वर्षं विचार करून, स्वतःच्या पैशाने, सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल हे माहीत असून, आणि ती खूश आहे. आईला सगळ्यात शेवटी कळलं. बहुतेक म्हणूनच खूश असेल.

आता तुमच्याकडे मागणं एवढंच. २०१९ मध्ये मुंबईत एक ४३ वर्षांचा व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर दगावला, ती बातमी सगळ्या पेपरांनी छापली. २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने तर स्पष्टच सांगितलं की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे या कामाचं पुरेसं ट्रेनिंग नाही. मग अर्ध्या पानाच्या जाहिरातीत कापणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि डिग्री यांना दोन ओळी जागा नाही? सवलतीला आहे. जाहिरात घेताना तेवढं मागा त्यांच्याकडून.

मुलाने औषध सुरू केलंय. बायोडेटाला परवाच मोबाइलवर काढलेला फोटो टाकलाय, मला न विचारता. फोन थोडे कमी झालेत.

पत्र छापलंत तर नाव देऊ नका, तो ओरडेल.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक