तोंड तपासताना मनाचंही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या आईच्या जिभेची गेली ३ वर्षं आग होते. सकाळी जरा बरं असतं, दुपारनंतर आग चढत जाते. जीभ मात्र दिसायला स्वच्छ, रक्ताच्या तपासण्याही ठीक. पहिल्या दोन डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही, मनावर घेऊ नका’ एवढं सांगून घरी पाठवलं. त्या वाक्याने ती जेवढी खचली, तेवढी आगीनेही खचली नव्हती. रोज पहाटे आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरून ती जिभेवर कॅन्सर शोधायची. चारचौघांत जेवायला बसणं बंद झालं, मग फोनवर बोलणंही.

तिसऱ्या ठिकाणी दुखण्याला नाव मिळालं: बर्निंग माउथ सिंड्रोम. ३ महिन्यांहून जास्त काळ, रोज २ तासांहून अधिक आग आणि तोंडात दिसण्यासारखं काहीच नाही. पाळी गेलेल्या बायकांत याचं प्रमाण जास्त. चिंता आणि नैराश्य अनेकदा सोबतीला असतात. नाव कळलं तेव्हा आई रडली. ‘म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हते,’ म्हणाली. औषधांबरोबर समुपदेशन सुरू झालं. आग पूर्ण गेलेली नाही, पण पहाटेचा टॉर्च थांबला आहे.

लायकेन प्लॅनसच्या (तोंडात पांढरे चट्टे, कधी जखमा होणारा जुनाट आजार) रुग्णांचं दुखणं तर डोळ्यांना दिसतं, तरी मनाचं कुणी विचारत नाही. क्वचित त्याचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून त्यांना ठरावीक काळाने तपासणीला यावं लागतं. आदल्या रात्री झोप लागते का, हे विचारायला काय हरकत आहे? सारखं तोंड येणाऱ्यांचंही तेच.

उलट बाजूही आहे. नैराश्यात दात घासायचंही त्राण उरत नाही. त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या औषधांनी लाळ कमी होते आणि दात किडतात. औषध देतानाच हे सांगायला हवं.

‘गेल्या २ आठवड्यांत उदास वाटलं का? कशात रस वाटेनासा झालाय का?’ नैराश्याच्या प्राथमिक चाचणीतले हे २ प्रश्न दंतवैद्यांनी जुनाट दुखण्याच्या प्रत्येक रुग्णाला विचारावेत आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. मात्र पाठवताना ‘तुमची आग खरी आहे’ हे आधी सांगावं. आपल्या आरोग्य पुरवणीत दंतवैद्य आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून या विषयावर लिहावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक