वडिलांचं खातं, नवऱ्याचं खातं

प्रिय मेधा,

बाबांनी दिलेला शब्द कधी पाळला नाही, म्हणून आता अनिकेतवरही भरवसा बसत नाही, असं तू लिहिलंस. संबंध आहे, पण तू धरतेस तितका घट्ट नाही.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थने 1970 च्या सुमारास वर्षभराच्या बाळांची पाहणी केली. आई फार तर तीन मिनिटं खोलीबाहेर जायची. ती गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, हे एन्सवर्थ बघायची. कुणी बिलगून शांत होई आणि परत खेळण्यांकडे वळे. कुणी तोंड फिरवी. कुणी कडेवर चढून तिथूनच लाथा झाडी! मोठ्यांच्या प्रेमातही याच तीन तऱ्हा दिसतात का, हे बघायला सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली होती. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी स्वतःला निर्धास्त म्हटलं, सुमारे चौथा हिस्सा अंतर राखणारे, बाकीचे धास्तावलेले.

पुढच्या अभ्यासांत मात्र आईवडिलांवरचा आणि जोडीदारावरचा विश्वास यांचं नातं माफकच निघालं. प्रत्येक माणसाचं खातं वेगळं असतं. बाबांची थकबाकी नव्या खात्यात सुरुवातीला ओढली जाते खरी, पण पुढच्या नोंदी अनिकेतच्याच.

म्हणून महिनाभर वहीत दोन रकाने ठेव. पहिल्यात फक्त घडलेलं: ‘नऊला येतो म्हणाला, दहाला आला, फोन नाही.’ दुसऱ्यात तू काढलेला अर्थ: ‘याला माझी पर्वा नाही.’ दुसराच रकाना भरत गेला, तर ती जुनी धास्ती. पहिल्यातच खोटं बोलणं, लपवलेले पैसे दिसू लागले, तर कृपा करून बालपणाला दोष देत बसू नकोस. तिथे संशय रास्त आहे.

त्याचा मोबाइल तपासणं बंद कर. काही सापडलं नाही तरी विश्वास वाढत नाही, पुढच्या वेळी आणखी खोल शोधावंसं वाटतं. ‘माझ्यावर प्रेम आहे ना?’ याचंही उत्तर संध्याकाळपर्यंतच पुरतं. त्यापेक्षा पाळलं की नाही हे कळेल असं मागणं माग: अर्ध्या तासाहून उशीर होणार असेल तर एक मेसेज. एका वेळी एकच.

आणि तो उशिरा आला की ‘कुठे होतास?’ आधी नको. ‘मला काळजी वाटत होती’ एवढं म्हण, त्याला चपला काढू दे, मग विचार. ‘तू अगदी बाबांसारखा’ हे तर भांडणातही तोंडातून काढू नकोस.

तुझी,
वसुधा