पुण्यास शिकणाऱ्या मुलास

सोलापूर, 30 जुलै 1931

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले. खानावळीचे देणे आणि पुण्याचा पाऊस यांवर तू दोन पाने लिहिली आहेस. 22 तारखेला तुमच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात मुंबईचे हंगामी गव्हर्नर हॉटसनसाहेब यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याविषयी मात्र ‘इकडे आता सर्व शांत आहे’ एवढीच ओळ आहे. एरवी साध्या नाटकाचे वर्णन पानभर करणारा मुलगा एका ओळीत आटोपतो, तेव्हा बापाने काय समजावे? तू त्या वेळी ग्रंथालयात होतास काय?

या महिन्याची मनिऑर्डर पाच रुपयांनी कमी आहे. गिरणीत आमच्या खात्याचा पगार कापला आहे, आणि गावाकडून यायचे तेही थांबले आहे. 1929 साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हा आप्पा हसून म्हणाले होते की त्याचा आपल्या भुईमुगाशी काय संबंध. आता भुईमूग, कापूस, जोंधळा, सगळ्यांचेच भाव निम्म्याच्या आसपास आले आहेत. शेतसारा मात्र एकदा तीस वर्षांसाठी ठरला तो ठरला आणि तो रोख रुपयांतच भरायचा, म्हणजे तेवढ्याच साऱ्यासाठी दुप्पट माल बाजारात न्यायचा. सावकाराचे व्याजही भावाबरोबर उतरत नाही. आईने गोठ मोडले. हे तुला कळवू नये असे तिने बजावले होते, तेव्हा तिच्या पत्रात त्याचा उल्लेख करू नकोस.

तू ओशाळावेस म्हणून हे लिहिलेले नाही. गोळ्या झाडणारा गोगटे तुमच्याच कॉलेजातला. त्याची तुझी ओळख असणे हा गुन्हा नव्हे, परंतु पोलीस ओळखीवरूनच सुरुवात करतात. विद्यार्थ्याने प्रथम पदवी घ्यावी, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर चर्चा करीत बसू नये, कोणाचे कागद आपल्या पेटीत ठेवून घेऊ नयेत, आणि देशसेवा करावयाचीच असेल तर... असो. बाप लिहू लागला की पत्राचे व्याख्यान होते, त्याची क्षमा कर.

गेल्या वर्षीचा मे तुला आठवतच असेल. महात्माजींना पकडले, रूपाभवानीच्या देवळाकडे शिंदीची झाडे तोडणाऱ्यांवर गोळीबार झाला, मंगळवार पेठेची चौकी आणि कोर्ट जळाले, आणि 12 तारखेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा. डोक्यावर गांधी टोपी दिसली की शिक्षा, तरी तू ती घालूनच गणपाकडे निघाला होतास. आईने दारात आडवे होऊन तुझी टोपी काढली आणि जोंधळ्याच्या कणगीत दडवली. तू दोन दिवस जेवला नाहीस. मी वरवर तुझ्यावर रागावलो, पण त्या रात्री दिनूकाकांजवळ तुझे कौतुकच केले, हे तुला कधी सांगितले नव्हते. यंदा 12 जानेवारीला त्याच प्रकरणात आपल्या सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिल्याची बातमी आली, तेव्हा आई एकेकाचे वय विचारीत राहिली. मी तिला उत्तर दिले नाही.

आणि आता येथे जो तो म्हणतो की, गोगट्याने आपल्या सोलापूरचा सूड घेतला. पेठेत लोक हे दबक्या आवाजात, पण अभिमानाने बोलतात. साहेब बचावले याचे मला समाधान वाटले, परंतु खरे कारण निराळे आहे: साहेब जिवंत आहेत, तेव्हा त्या पोराच्या गळ्याला फास लागणार नाही, हाच विचार माझ्या मनात पहिल्याने आला. त्याचे आईवडील कोण, कोठले, मला ठाऊक नाही. पण केसरी उघडला की मला त्यांचीच आठवण होते.

फीची चिंता करू नकोस, ती मी भरीन. पाच रुपयांची तूट खानावळवाल्यास माझे नाव सांगून पुढच्या महिन्यावर टाक. शनिवारी मामा सुनंदाच्या औषधासाठी पुण्यास येत आहेत. मी विचारले आहे त्याचे उत्तर पत्रातून धाडू नकोस, त्यांना तोंडीच सांग. तू ग्रंथालयात होतास किंवा नव्हतास, आणि त्या मुलास ओळखत होतास किंवा नाही, एवढेच. मामा दुसऱ्या कोणाजवळ बोलणार नाहीत. तुझ्या पेटीत कोणाचे काही ठेवलेले असेल, तर तेही त्यांच्याजवळच दे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझे दादा