यंत्र शेवटच्या ओळीत लिही

अणुशक्तीनगर, मुंबई
12 जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आयएईएकडे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) पाठवायच्या प्रस्तावाचा तुझा मसुदा परवा मिळाला. युगांडातल्या रुग्णालयाने परदेशी पाहुण्याला इतक्या लवकर कागदपत्रांच्या कामाला जुंपलं, म्हणजे तू तिथे चांगलाच रुळलास म्हणायचं. आता मसुद्याविषयी. पहिल्याच ओळीत तुम्ही उद्दिष्ट लिहिलं आहे, 'कोबाल्ट-60 टेलिथेरपी यंत्र मिळवणे', म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर बाहेरून किरण सोडणारं यंत्र. ती ओळ आधी खोड. व्हिएन्नात आयएईएचा तांत्रिक सहकार्य विभाग खरेदीची यादी मागत नाही. त्या यंत्रामुळे देशात काय बदलणार ते त्यांना हवं असतं. 'पश्चिमेकडच्या अमुक जिल्ह्यांतल्या इतक्या कॅन्सर रुग्णांना कंपालाला न जाता उपचार मिळतील' असं लिही आणि तो 'इतक्या' कुठून आला ते खाली दाखव.

तो काढणं अवघड नाही. कंपालाचं कॅन्सर रजिस्टर 1950च्या दशकात सुरू झालं, आफ्रिकेत इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. त्यातले दर तुमच्या जिल्ह्यांच्या लोकसंख्येला लाव. कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी रेडिओथेरपी (किरणोपचार) लागते, आणि एक यंत्र वर्षाला 450 ते 500 नवे रुग्ण पेलतं. म्हणजे हिशेबात वर्षाला 900 नवे रुग्ण निघाले तर एक यंत्र पुरे. 2,000 निघाले तर एका यंत्राचा प्रस्ताव पहिल्या दिवसापासूनच तोकडा. युगांडात बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त, तेव्हा ब्रेकीथेरपी (किरणोत्सारी सोर्स शरीरात गाठीलगत ठेवून करायचा उपचार) मसुद्यात हवीच. तुमच्या मसुद्यात तिचं नावही नाही. बाहेरून दिलेल्या किरणांनी तो आजार बरा करायला बसलास तर अर्ध्यावरच थांबावं लागेल.

ब्रेकीथेरपीचा सोर्स निवडताना मात्र कॅटलॉग बघून भुलू नकोस. इरिडियम-192चं अर्धायुष्य (ताकद निम्मी व्हायचा काळ) 74 दिवसांचं, म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी नवा सोर्स मागवायचा, दर वेळी आयात परवाना, विमान कंपनीची मनधरणी, कस्टम्स. किरणोत्सारी माल म्हटला की वाहतूकदार सरळ नाही म्हणतात, हे जगभरचं दुखणं आहे. कोबाल्ट-60चा छोटा एचडीआर (थोड्या वेळात जास्त डोस देणारा) सोर्स साधारण पाच वर्षं चालतो. तुमच्यासारख्या समुद्र नसलेल्या देशात मी डोळे मिटून कोबाल्ट घेईन.

आता कामाची साखळी. युगांडाचा नॅशनल लायझन ऑफिसर, म्हणजे आयएईएशी संपर्क ठेवणारा सरकारी अधिकारी, हा पहिला दरवाजा. त्याच्याकडे कंट्री प्रोग्रॅम फ्रेमवर्कची प्रत माग. देश आणि आयएईए मिळून हा दस्तऐवज चार ते सहा वर्षांसाठी करतात. त्यात कॅन्सर उपचार प्राधान्याने नसेल तर तुमचा कन्सेप्ट (प्रकल्पाची प्राथमिक रूपरेषा) कितीही सुबक असला तरी मागे पडेल. मग कन्सेप्ट, तो टिकला तर लॉजिकल फ्रेमवर्कसह (उद्दिष्ट, कामं आणि निकाल यांचा तक्ता) पूर्ण आराखडा, आणि शेवटी नोव्हेंबरात बोर्ड ऑफ गव्हर्नर्सची मंजुरी. कार्यक्रमाचं चक्र दोन वर्षांचं असतं आणि काम जानेवारीत सुरू होतं. आज कागद हलवलास तरी पहिला पैसा हाती यायला दोनेक वर्षं लागतात, हे तुझ्या संचालकांना आत्ताच सांगून ठेव.

पैशांचे दोन खाचखळगे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रकमेच्या 5 टक्के सहभाग खर्च देशाने भरायचा असतो, आणि त्यातला निदान अर्धा भरल्याशिवाय खरेदीचे करार होत नाहीत. ही रक्कम कोणत्या खात्याच्या कोणत्या शीर्षाखाली पडणार, ते आधी ठरवून घे. आरोग्य खातं ऊर्जा खात्याकडे बोट दाखवतं, ऊर्जा खातं अर्थ खात्याकडे, आणि तोवर वर्ष सरतं. दुसरं असं की कोबाल्ट यंत्राची सगळी किंमत मूळ निधीतून सहसा निघत नाही. मंजूर झालेल्या पण पैसा नसलेल्या भागाला तिथे 'फूटनोट-ए' म्हणतात. तो भाग कुणी देणगीदार किंवा तुमचं सरकार पुढे येईपर्यंत तसाच लोंबकळतो. म्हणून सरकारचा वाटा किती आणि कोणत्या वर्षी, हे आकड्यात लिही.

कंपालाचं उदाहरण तर तुझ्या डोळ्यांसमोरच आहे. तिथलं 1995चं कोबाल्ट यंत्र 2016 साली कायमचं बंद पडलं. देशातलं ते एकमेव. नवं घ्यायचं आधीपासून ठरलेलं होतं, पण ते बसवायला बंकर (किरण अडवणाऱ्या जाड भिंतींची खोली) तयार नव्हता. नैरोबीच्या आगा खान रुग्णालयाने 400 रुग्णांवर मोफत उपचार करायची तयारी दाखवली, बाकीच्यांनी वाट पाहिली. नवं यंत्र 2018च्या सुरुवातीला सुरू झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये भारताने युगांडाला भाभाट्रॉन भेट द्यायचं जाहीर केलं, आपल्या ट्रॉम्बेत विकसित झालेलं यंत्र. यंत्र द्यायला जग तयार असतं रे. भिंती कुणी देत नाही.

तेव्हा बंकर. तुमच्या आर्किटेक्टने मुख्य भिंत (यंत्राच्या किरणांचा झोत जिच्यावर थेट पडतो ती) 90 सेंटिमीटर दाखवली आहे. ती कुठून आली मला कळेना. साधा हिशेब करून बघ. दिवसाला 40 रुग्ण, पाच दिवस, म्हणजे आठवड्याला 200 फ्रॅक्शन (उपचाराचे हप्ते). प्रत्येक फ्रॅक्शनला सोर्सपासून 1 मीटरवर 3 ग्रे (डोसचं एकक) धर, सढळ हाताने. झाले 600 ग्रे. किरणांचा रोख त्या भिंतीकडे चतुर्थांश वेळ, म्हणून 150. भिंतीपलीकडे 4 मीटरवर कुणी पूर्णवेळ बसतं असं मान, किरण अंतराच्या वर्गाने विरळ होतात, म्हणजे 16ने भाग. सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट, आठवड्याला 0.02 (इथे 1 ग्रे म्हणजे 1,000 मिलिसिव्हर्ट). भिंतीतून दहा लाखांतला जेमतेम दोनचा अंश बाहेर पडला तर चालेल. त्यासाठी 5.7 दशमांश-जाडी (किरण एक दशांशावर आणणारी जाडी) लागतात. कोबाल्टसाठी काँक्रीटची एक दशमांश-जाडी 21.8 सेंटिमीटर, म्हणजे भिंत 124 सेंटिमीटर. तिथल्या रेग्युलेटरने, म्हणजे अॅटॉमिक एनर्जी कौन्सिलने, वर्षाला 0.3 मिलिसिव्हर्टची मर्यादा लावली तर आणखी 11 सेंटिमीटर. हे सगळं 2.35 घनतेच्या काँक्रीटला. तिथल्या खडीने घनता 2.2च आली तर 124चे 132 होतात. क्यूब टेस्टमध्ये (काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी) ताकदीबरोबर घनताही नोंदवायला सांग, ठेकेदार फक्त ताकदीचा कागद दाखवतो.

माझं मत विचारशील तर यंत्र कोबाल्टचं घ्या, कारण वीज जाते-येते तिथे लिनॅकचा (विजेवर किरण तयार करणारं यंत्र) थंड पाण्याचा सर्किट आणि सर्व्हिस इंजिनिअर परवडत नाहीत. पण बंकर लिनॅकचा बांधा. 6 एमव्ही ताकदीच्या लिनॅकला हाच हिशेब सुमारे 1.95 मीटरवर जातो, 10 एमव्हीला 2.2वर. पंधरा वर्षांनी यंत्र बदलताना आतून काँक्रीट चढवायला जागा नसते आणि रुग्ण थांबत नाहीत.

ओतकाम एका दमात व्हावं. मधे रात्र गेली की कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला सांधा) पडतो आणि किरणं नेमकी तिथूनच वाट काढतात. व्हायब्रेटर नीट न फिरवल्यास आत पोकळ्या राहतात, त्या बाहेरून दिसत नाहीत. शटरिंगचे टाय रॉड काढून घेतल्यावर राहणारी आरपार भोकं ही आणखी एक हमखास चूक. वायरींचे पाइप मुख्य भिंतीतून काढायचेच नाहीत, दुय्यम भिंतीतून तिरके न्यायचे, आणि डोसिमेट्रीच्या (डोस मोजण्याच्या) केबलसाठी एक वेगळा पाइप ठेवायचा. तो कायम विसरला जातो आणि मग दाराच्या फटीतून केबल ओढत मोजमाप चालतं. यंत्र आत न्यायच्या वाटेची रुंदी आणि जमिनीची ताकदही बघ.

तुमच्या उपकरणांच्या यादीत यंत्र, टेबल, प्लॅनिंगचा संगणक एवढंच आहे. 0.6 सीसीची आयन चेंबर (किरण मोजणारी हवेची छोटी कुपी), तिचं वाचन दाखवणारा इलेक्ट्रोमीटर, वॉटर फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायची पाण्याची टाकी), सर्व्हे मीटर, खोलीतला झोन मॉनिटर आणि हवेचा दाब मोजणारा एक चांगला बॅरोमीटर घाल. चेंबर आणि इलेक्ट्रोमीटरचे दोन संच, म्हणजे एक कॅलिब्रेशनला गेला तरी काम थांबणार नाही. बॅरोमीटरवर हसू नकोस. तुमचं गाव 1,200 मीटरवर असलं तर हवेचा दाब 88 किलोपास्कलच्या आसपास, समुद्रसपाटीला 101.3. चेंबर उघडी असते, विरळ हवेत ती कमी वाचते, आणि ते भरून काढायला साधारण 1.15ने गुणावं लागतं. विमानतळावरून मिळणारा दाब मात्र समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तो सूत्रात घातला की यंत्र आहे त्यापेक्षा मंद वाटतं, वेळ वाढवली जाते, आणि प्रत्येक रुग्णाला 15 टक्के जास्त डोस. गजर वाजत नाही, काही नाही.

कोस्टा रिकात सान होसे इथे 1996 साली सोर्स बदलल्यावर अशीच साधी चूक झाली. कॅलिब्रेशनच्या वेळी 0.3 मिनिटाचं वाचन 30 सेकंदांचं धरलं गेलं, खरं तर ते 18 सेकंदांचं. त्यामुळे 115 रुग्णांना ठरल्यापेक्षा खूप जास्त डोस गेला आणि काही दगावले. म्हणून पहिला रुग्ण घेण्याआधी दुसऱ्या फिजिसिस्टकडून स्वतंत्र मोजणी आणि आयएईए-डब्ल्यूएचओची टपालाने होणारी डोस तपासणी, ही दोन्ही कामं आराखड्यात वेगळ्या ओळी म्हणून लिही. टपालाची तपासणी 1969पासून चालू आहे. तिच्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. तांत्रिक सहकार्याचा (टीसी) प्रकल्प फार तर चार वर्षांचा. कोबाल्टचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणजे सोर्स थकायला लागतो तेव्हा प्रकल्प बंद झालेला असतो, आणि नव्या सोर्सचे पैसे कुणाच्याच कागदावर नसतात. महिन्याला साधारण 1.1 टक्का ताकद जाते. आज 2 मिनिटं लागणाऱ्या रुग्णाला पाच-सव्वापाच वर्षांनी 4 मिनिटं लागतात. 40 रुग्णांमागे दिवसाचे 80 मिनिटं जादा, टेबलावर निश्चल पडून राहायचा त्रास वेगळा. म्हणून आरोग्य खात्याकडून आत्ताच पत्र घे की सहाव्या-सातव्या वर्षी सोर्स बदलण्याची तरतूद ते करतील. रक्कम आणि वर्ष असलेलं पत्र, 'प्रयत्न करू' वालं नव्हे.

जुन्या सोर्सचं तेच. पुरवठादार तो परत नेईल, हे कलम पहिल्याच खरेदी करारात हवं. थायलंडमध्ये सामुत प्राकान इथे 2000 साली वापरात नसलेलं टेलिथेरपीचं डोकं भंगारवाल्यांच्या हाती लागलं आणि तिघे गेले. येणारा सोर्स पहिल्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला, म्हणून युगांडाची लेखी संमती निर्यातीआधी लागते. माल मोम्बासाला उतरवलात तर केनियाच्या रेग्युलेटरचीही परवानगी घ्यावी लागेल. सोर्स आणायची टाइप बी (अपघातातही न फुटणारी) पेटी काही टनांची असते, तेव्हा बंदरापासून तुमच्या दारापर्यंत क्रेन, ट्रेलर आणि पोलीस बंदोबस्त कुणाचा, हेही लिही. बंदरातला डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) आयएईए भरत नाही.

माणसांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला माहीत आहे. डॉक्टर तयार व्हायला तीन-चार वर्षं, फिजिसिस्टला दोन वर्षं पदव्युत्तर आणि दोन वर्षं रुग्णालयातलं प्रशिक्षण. म्हणजे फेलोशिपची पहिली नावं बंकरच्या नकाशाबरोबरच जायला हवीत. आमच्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा 1962पासून चालतो, तिकडच्या उमेदवारांसाठी विचारून ठेवतो. एका जागेमागे दोघांना पाठव. एक परत येत नाही, हा जगाचा अनुभव आहे. आणि परत येणाऱ्यासाठी मंजूर पद असू दे. शिकून आलेला फिजिसिस्ट एक्स-रे विभागात तंत्रज्ञाच्या पगारावर बसला तर सहा महिन्यांत नैरोबी गाठेल.

मसुद्याची मांडणी उलटी कर म्हणजे झालं. आधी रुग्ण, मग माणसं, परवाना, बंकर, सोर्सचा पुढचा खर्च, आणि यंत्र शेवटच्या ओळीत. यंत्र पाठवण्याची तारीखही लिहू नकोस. त्या जागी 'बंकर बांधून तपासून झाल्यावर आणि रेग्युलेटरचा सोर्स आयातीचा परवाना हाती आल्यावर' असं लिही. गोदामात पडून असतानाही सोर्स झिजतच असतो.

मला बंकरचा सुधारित नकाशा पाठव. भिंतींच्या जाडीबरोबर प्रत्येक बाजूला आणि वरच्या मजल्यावर काय आहे, तेही त्यात दाखवायला सांग. पूर्वेकडे 'प्रतीक्षा कक्ष' लिहिलेलं दिसतं. तिथे लोक तासन् तास बसणार असतील तर मुख्य भिंत त्या बाजूला नको, यंत्राचा अक्ष नव्वद अंशांनी फिरवता येतो का, ते आर्किटेक्टला विचार. गावाची उंचीही कळव, 1,200 मी अंदाजाने धरले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मेथीचे दाणे आणि गोडा मसाला पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

तुझा,
मुकुंद