निळा उजेड आणि कोरी पानं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

‘नीलवेळिच्चम’ म्हणजे ‘निळा उजेड’, तो मल्याळम सिनेमा पाहिला. फोनवर तुझं त्याचं कौतुक संपेना आणि मला मध्ये तोंड घालायला जागा मिळेना, म्हणून लिहून कळवते.

छायाचित्रणाबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. गिरीश गंगाधरन हा माणूस अंधाराला घाबरत नाही. ‘जल्लीकट्टू’ सिनेमात रात्रीच्या रानात टॉर्च घेऊन पळणारी गर्दी त्यानेच टिपली होती ना? तिथे सगळं अंगावर येत होतं, इथे त्याने तोच अंधार थोपवून धरलाय. ते जुनं घर, ती विहीर, रॉकेलच्या दिव्यापाशी लिहीत बसलेला नायक टोव्हिनो थॉमस. कुठेही थांबवावं आणि भिंतीवर लावावं असं. तासभर मी खूश होते. मग मात्र जांभया येऊ लागल्या आणि भुताच्या सिनेमात जांभया का याव्यात, हे शोधत बसले.

मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर यांची मूळ कथा वाचलीस का? चारदोन पानांचाच जीव. एक लेखक ओसाड घर भाड्याने घेतो, आगाऊ भाडंही देऊन बसतो. मग कळतं की प्रेमभंग झालेल्या भार्गवीने तिथल्या विहिरीत जीव दिलाय. पैसे अडकलेले, जाणार कुठे? तेव्हा तो तिच्याशी बोलायला लागतो. आपली ओळख करून देतो, लिहिताना तिला हाक मारतो, सैगल आणि पंकज मलिकच्या तबकड्या ऐकवतो. हळूहळू भीती जाते आणि एकट्या माणसाला सोबत मिळते. एका रात्री दिव्यातलं रॉकेल संपतं. ते आणायला बाहेर जाऊन तो परत येतो, तर खोली निळ्या उजेडाने भरलेली. कसा आला, कुठून आला? बशीर एक अक्षर बोलत नाहीत.

याच कथेवरून त्यांनीच ‘भार्गवी निलयम’ या सिनेमाची पटकथा लिहिली, 1964 साली. प्रेमी शेजारी, त्याला विष घालणारा नानुकुट्टन, शेवटी विहिरीकाठची झटापट हे सगळं तेव्हा आलं. दिग्दर्शक ए. व्हिन्सेंट, आणि ते मुळात कॅमेरामन, हे तू लक्षात ठेव. सिनेमा कृष्णधवल! नावच निळ्या उजेडाचं असलेली कथा आणि पडद्यावर निळा रंगच नाही. तो निळेपणा लेखक झालेल्या मधूच्या चेहऱ्यावरून आणि लिहिलेल्या शब्दांतूनच प्रेक्षकाला दिसायला हवा होता.

आताचे दिग्दर्शक आशिक अबूंनी 2023 मध्ये तीच पटकथा जवळजवळ तशीच उचलली. हाताशी रंग होता, तो सढळ वापरला. चांदण्यातले प्रसंगही निळसर. मग ती खोली उजळते तेव्हा नवीन काय दिसणार? छान दिसते, इतकंच. पात्रं अजून साठ वर्षांपूर्वीचं पुस्तकी बोलतात, खलनायक आला की तो खलनायक आहे हे लांबूनच कळतं, आणि उत्तरार्धात प्रेमकथा सुरू झाली की लेखक-भुताची ती मैत्री अंगणात काढून ठेवलेल्या चपलांसारखी बाहेरच राहते. तीच तर सिनेमाचा प्राण होती.

मला सगळ्यात राग आला तो भार्गवीमुळे. रीमा कल्लिंगलसारखी बाई मिळालीय, जी 2017 मध्ये मल्याळी सिनेमातल्या बायकांची संघटना उभी करणाऱ्यांत होती, आणि तिला दिलंय काय? पांढरी साडी, मोकळे केस, प्रेमात पडणं आणि मरणं. भूत झाल्यावर माणसाला निदान चार गोष्टी स्पष्ट बोलता याव्यात! आज ही गोष्ट पुन्हा सांगायची, तर तिला काय हवंय हे कुणीतरी बसून लिहायला हवं होतं. 1964 ला ते सुचलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. आता सुचलं नाही, याचं वाटतं.

गाणी मात्र सोडू नकोस. जुन्या सिनेमाचे संगीतकार बाबुराज, त्यांच्या त्याच चाली नव्या आवाजांत आहेत. ‘तामसमेन्ते वरुवान’ ऐकताना बाबा आतून म्हणाले, ‘हा भीमपलास.’ त्यांना मल्याळमचं एक अक्षर कळत नाही. बाबुराज कोळिक्कोडचे, पण वडील बंगालकडून आलेले हिंदुस्थानी गवई. येसुदासांचं मूळ गाणं आधी ऐक, मग शाहबाज अमनचं.

आता तुझ्या लघुपटाबद्दल. कागद वाचले. लेन्स कुठली, धूर किती, लाइट कुठून, याने पानं भरलीत. ती मुलगी रात्री परसातल्या विहिरीवर का जाते, ते कुठेच नाही. ‘ओढली जाते’ असं लिहिलंयस. कोण ओढतं? घरात त्या दिवशी काय झालं होतं? आजीला ती काय बोलली, आजी काय म्हणाली? विहिरीपाशी बाई दिसल्यावर ती किंचाळते, ते तर काढूनच टाक. तिने त्या बाईला काहीतरी विचारू दे.

गणपतीत येशील तेव्हा ही दोन पानं लिहून आण, कॅमेऱ्याची एकही सूचना न घालता. शूटिंगसाठी जनरेटरचं बाबांनी तात्यांशी बोलून ठेवलंय. द्यायला तयार आहेत, पण डिझेल आपलं आणि रात्री अकराच्या पुढे चालवायचा नाही म्हणाले, शेजारी म्हातारी आजारी आहे.

तुझी,
आई