आई, यंदा तू फोटोत हवीस

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायचं होतं. पण फोनवर आई दुसऱ्याच वाक्याला "ते राहू दे, जेवलीस का?" वर येते, म्हणून लिहितेय.

दिवाळीत कपाटातले सगळे आल्बम मी मोबाइलवर उतरवून आणले. रात्री झोपायच्या आधी ते बघत बसते. बाबा, तुमची हौस पानोपानी दिसते. पांडवलेणीच्या पायऱ्या, गंगापूर धरण, वणीचा गड, रंगपंचमीला रहाडीच्या रंगीत हौदात उड्या मारणारी पोरं. 36चा रोल, वर धुलाईचे आणि प्रिंटचे पैसे, म्हणून तुम्ही एकेक फोटो जपून काढायचात, तरी माझं आणि दादाचं अख्खं लहानपण त्यात आलंय. आई मात्र जवळजवळ नाहीच. गडावरच्या फोटोत कडेला डब्याची पिशवी धरलेला तिचा हात आहे, तेवढाच. 2003च्या सिंहस्थात रामकुंडावर मी, दादा आणि आजी ओलेचिंब उभे आहोत, आणि आई आमचे कोरडे कपडे सांभाळत वरच्या पायरीवर, फोटोच्या बाहेर. ती पूर्ण दिसते ती फक्त लग्नांच्या स्टेजवर, अवघडून उभी असलेली. तो चेहरा आम्हाला घरात कधी दिसला नाही. बाबा, तुमच्याबद्दल तक्रार नाही. कॅमेरा तुमच्या हातात आणि पिशव्या आईच्या हातात, अशी वाटणीच होती तेव्हा.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आईचा शिलाई मशीनवर बसलेला एकही फोटो आपल्याकडे नाही. अर्ध्या गल्लीचं फॉल-पिको त्या मशीनवर झालं, दादाची क्लासची फी त्यातून गेली, माझ्या गॅदरिंगचा घागरा रात्री जागून तिथेच शिवला गेला. घागरा घातलेली मी आल्बममध्ये चार पोझमध्ये आहे. शिवणारी कुठेच नाही.

आजी गेली तेव्हा हार घालायला फोटो शोधत होतो ते आठवतं ना? शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. आजी इतकी हसरी बाई, आणि भिंतीवर ती दटावल्यासारखी बघते. माझ्या मुलीला आजी तशीच वाटते, कारण तिने दुसरी पाहिलेलीच नाही. आईच्या बाबतीत असं मला चालणार नाही. हे लिहिताना मला जड जातंय, पण लिहायला हवं.

बाबा, तुम्ही आम्हाला फाळके स्मारकात न्यायचात आणि त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला ते रंगवून सांगायचात. त्यातली फाळक्यांच्या बायकोची, सरस्वतीबाईंची गोष्ट मला मोठेपणी कळली. दागिने त्यांनी दिले, कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांनी केलं, फिल्म धुवायला त्या शिकल्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. मुलगा भालचंद्र त्या चित्रपटात रोहिदास झाला, पुढे 1919 साली मुलगी मंदाकिनी 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली. त्या मुलांच्या आईचं काम मात्र कॅमेऱ्याच्या मागचं. शंभराहून जास्त वर्षं झाली, आता तरी ही वाटणी बदलू या.

म्हणून आई, यापुढे "थांब, साडी बदलते" नाही आणि "माझे केस बघ कसे झालेत" तर नाहीच. मला घरातल्या सुती साडीतली, पदराला हळदीचे डाग असलेली तू हवीस. गच्चीवर कुरडया घालताना, पेपरमधलं शब्दकोडं सोडवताना चष्मा नाकावर घसरलेली. बाबा, हे काम तुमचं. तिला न सांगता काढा, सांगितलं की ती स्टेजवरचा चेहरा करते. आणि येत्या सिंहस्थाला कपड्यांच्या पिशव्या मी सांभाळणार.

आता आल्बमचं. ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले आल्बम फोटोंचे वैरी आहेत. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरतो. सुटणारे फोटो डेंटल फ्लॉस मागून अलगद सरकवून काढा. जो सुटत नाही तो ओढू नका, पानासकट ठेवा. मी मोबाइलवर उतरवलेले नुसते बघण्यापुरते आहेत, पुढच्या खेपेला येईन तेव्हा 600 डीपीआयवर नीट स्कॅन करू. निगेटिव्हच्या पट्ट्या रद्दी समजून टाकू नका, प्रिंट खराब झाली तरी त्यातून फोटो पुन्हा निघतो. आणि बाबा, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन येतो.

पण सगळ्यात आधी नावं. फोटोतली माणसं कोण, हे आता फक्त आईला ठाऊक आहे. बाबांना निम्मी ओळखू येतात, दादाला आणि मला त्याहून कमी. आई सांगेल, बाबा मोबाइलवर रेकॉर्ड करतील, लिहून मी काढीन. घाई नको, दुपारच्या चहाला दोन पानं झाली तरी पुष्कळ. आई विषय सोडून कुणाच्या बाळंतपणावर गेली तर बाबा, थांबवू नका. मला तेही हवंय.

सुरुवात निळ्या आल्बमच्या तिसऱ्या पानापासून करा. निफाडच्या द्राक्षाच्या मळ्यात आजीच्या खांद्यावर हात टाकून पोपटी नऊवारीतली एक बाई उभी आहे. आजी तिच्याकडे बघून खळखळून हसतेय. ती कोण, आजीची कोण लागत होती, आणि तो फोटो काढला कुणी?

रविवारी फोन करते.

तुमची,
लाडकी लेक