कागदावरची जन्मतारीख

वॉर्सॉ, १४ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी मधेच गप्प झाले, ते आईच्या लक्षात आलं असणारच. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. तुमच्या विहीणबाईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "तुझ्या आई-बाबांना सांग. माझ्या वयाच्या कुणाला तरी कळू दे."

विहीणबाई जन्मानं ज्यू आहेत. त्यांना हे १९८९ पासून माहीत होतं. आम्हाला कळून पाच महिने झाले.

कळलं ते तुमच्या नातीमुळे. नळीत लाळ भरून पाठवायची ती डीएनए चाचणी तिनं हौसेनं केली. अहवालात अर्धा भाग भारतातला आला, तो येणारच होता. उरलेल्या अर्ध्यातला निम्मा पोलंडच्या आसपासचा आणि निम्मा अश्कनाझी ज्यूंचा, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचा. काहीतरी चूक असेल म्हणून तिनं वडिलांचीही चाचणी करून घेतली. त्यांच्यात तोच हिस्सा बरोबर अर्धा निघाला. म्हणजे आई-वडिलांपैकी एक जण पूर्ण ज्यू. बापलेक तो कागद घेऊन विहीणबाईंसमोर बसले, मी स्वयंपाकघरात चहा करत होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, हे माझ्याबरोबरच जाईल."

ज्यांना त्या जन्मभर आई म्हणत आल्या, त्या बाईंनी मरायच्या आधी चार दिवस त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं. १९४२ चा शरद ऋतू. वॉर्सॉच्या पश्चिमेला, लोकल गाडीच्या वाटेवर यांचं छोटं घर. संध्याकाळी एक अनोळखी बाई शालीत गुंडाळलेलं मूल घेऊन आली. मूल वाटेत रडू नये म्हणून त्याला झोपेचं औषध पाजलेलं होतं. त्या बाईचं नाव विचारलं नाही; तेव्हा विचारायचं नसायचंच, कारण पकडलं तर माहीत असलेलं नाव तोंडातून निघू शकतं. तिनं एवढंच सांगितलं, मुलगी आहे, वस्तीच्या भिंतीपलीकडची आहे.

ती भिंत म्हणजे वॉर्सॉची ज्यू वस्ती, घेट्टो. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी ती बंद केली आणि चार लाखांवर माणसं आत कोंडली. २२ जुलै १९४२ पासून रोज आगगाड्या भरून लोकांना ट्रेब्लिंकाला नेऊ लागले, आणि दोनच महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं तिथे गॅसनं मारली. त्याच दिवसांत कुणीतरी हे मूल बाहेर काढलं. घेट्टोतून मुलं बाहेर काढणाऱ्या इरेना सेंडलर यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. त्यांच्यासारख्या, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी बायका होत्या. व्यापलेल्या पोलंडमध्ये ज्यूला आसरा देण्याची शिक्षा मृत्यू होती, बहुतेक वेळा सगळ्या घराला. तरी त्या जोडप्यानं मूल ठेवून घेतलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मधे एकदा कुणीतरी दारात येऊन पैसे मागितले, नाहीतर जर्मनांना सांगतो म्हणाला. असे लोकही होते, त्यांच्यासाठी पोलिश भाषेत वेगळा शब्दच तयार झाला. घरातलं शिवणयंत्र विकून त्याचं तोंड बंद केलं.

पाद्र्यानं बाप्तिस्म्याचा दाखला करून दिला. त्यावर जन्मतारीख घातली २ फेब्रुवारी १९४२. तो मेरीमातेचा सण, इथे त्या दिवशी चर्चमधून मंतरलेली मेणबत्ती घरी आणतात. नावही दाखल्यावर घातलेलं. खरं नाव, खरी तारीख, आईचं नाव, बापाचं नाव, काहीच बरोबर आलं नव्हतं. एल्झ्बिएता फित्सोव्स्का म्हणून एक बाई आहेत, त्यांनाही अशीच तान्ही असताना विटांच्या गाडीतून, लाकडी खोक्यात घालून बाहेर काढलं होतं. पण त्यांच्याबरोबर आईनं चांदीचा चमचा ठेवला होता, त्यावर नाव आणि जन्मतारीख कोरलेली. विहीणबाईंनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे चमचासुद्धा नाही." एवढी एकच तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली.

आई, वाचता वाचता तू देवकी-यशोदा म्हणालीच असशील. मीसुद्धा त्यांना तीच गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती देवकी त्याला नंतर भेटली का?" मी म्हटलं, हो. मग त्या काहीच बोलल्या नाहीत.

युद्ध संपल्यावरही का नाही सांगितलं, हे माझ्याही मनात आलं होतं. १९४६ मध्ये किएल्त्से गावात जमावानं युद्धातून वाचलेल्या चाळीसहून अधिक ज्यूंना मारलं. युद्ध संपून वर्ष झालं होतं तेव्हा! अशी बातमी ऐकल्यावर कोण आपल्या पोरीला सांगेल? आणि मग १९६८. सरकारनंच ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली, नोकऱ्या गेल्या, तेरा हजारांवर माणसं देश सोडून गेली. जाताना नागरिकत्व सोडून द्यावं लागायचं. हातात एकच कागद, त्यावर लिहिलेलं की हा कागद बाळगणारा पोलंडचा नागरिक नाही. विहीणबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, नकाशे काढायच्या नोकरीत होत्या. शेजारच्या टेबलावरची त्यांची मैत्रीण अशीच निघाली. तिला सोडायला त्या ग्दान्स्की स्टेशनवर गेल्या होत्या. "गाडी सुटताना ती म्हणाली, तुझं बरं आहे, तुला कुणी जा म्हणणार नाही. मी मान हलवली." ही आठवण सांगताना त्यांचा आवाज जातो. माझ्यासमोर तीनदा सांगितली, तिन्ही वेळा तिथेच थांबल्या.

मग स्वतःला कळल्यावर छत्तीस वर्षं त्या तरी का गप्प राहिल्या? तुमच्या जावयांना याचा फार त्रास झाला. दोन आठवडे ते आईशी बोलत नव्हते. मला मात्र त्यांचा राग येत नाही. एकदा त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग ती तुझी आई नव्हेच. हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं."

२००६ च्या नाताळात तुम्ही इथे होतात. आदल्या रात्री बारा पदार्थांचं जेवण होतं, आणि टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं. आईनं विचारलं होतं, कुणी यायचंय का? मी सांगितलं होतं की ही इथली रीत आहे, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट मांडतात. रीत आहेच. पण विहीणबाई ते ताट मांडताना १९८९ पासून कुणासाठी मांडत होत्या, ते आता कळलं. आई, तू त्या रात्री म्हणाली होतीस, यांनी त्या रिकाम्या ताटाजवळची खुर्ची तीनदा नीट केली. तुझं लक्ष होतं, माझं नव्हतं.

बाबा, तुमचंही एक बोलणं आठवतं. तेव्हा आम्ही मुरानूफ भागात राहत होतो. बर्फातून पायऱ्या चढताना तुम्ही म्हणालात, सपाट शहरात मधेच हे टेकाड कुठून आलं? मी म्हटलं, असेल काहीतरी. टेकाड नव्हतं ते. १९४३ च्या उठावानंतर जर्मनांनी वस्तीतलं घर न् घर पाडलं. ढिगारा इतका होता की युद्धानंतर तो पूर्ण हलवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याच्यावरच नवी घरं बांधली, आणि त्याच विटा दळून भिंतींचे ठोकळे केले. माझ्या संसाराची पहिली पाच वर्षं मी त्या ढिगाऱ्यावर काढली. विहीणबाई आमच्याकडे यायच्या तेव्हा पायऱ्यांपाशी जरा थांबायच्या. मला वाटायचं, गुडघे दुखतात.

आता त्या आणि मी तिथे फिरतो. फुटपाथमध्ये ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बसवल्यात, भिंत जिथून जात होती तिथे. स्ताव्की रस्त्यावर, जिथून गाड्या सुटत, तिथे पांढरं स्मारक आहे. माणसांची पूर्ण नावं लिहायला भिंत पुरली नसती, म्हणून त्यावर नुसती पाळण्यातली नावं कोरलीत, चारशेहून अधिक, वर्णमालेप्रमाणे. बायकांचीही, पुरुषांचीही. विहीणबाई मे महिन्यात तिथे पहिल्यांदा आत गेल्या. सुरुवातीपासून एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत गेल्या. पाऊण तास लागला. शेवटी म्हणाल्या, "यात आईचं असेल. माझंही असेल." त्यांना स्वतःचं नाव माहीत नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या आईनं काय हाक मारली, ते जगात कुणालाच ठाऊक नाही.

शोध केला नाही असं नाही. ज्यू इतिहास संस्थेत वंशावळीचा विभाग आहे, तिथे जाऊन आलो. त्यांची स्वतःची डीएनए चाचणीही केली. पडद्यावर हजारो नातेवाईक आले, अर्जेंटिनात, इस्रायलमध्ये, अमेरिकेत. नात नाचायलाच लागली. मग तिथल्या बाईंनी समजावलं, की हा समाज शेकडो वर्षं आपापसातच लग्नं करत आला, त्यामुळे लांबचे लोकही कागदावर जवळचे दिसतात. नीट पाहिलं तर सख्खं, चुलत, मावस असं कुणीच नाही. युद्धाआधी पोलंडमध्ये ३३ लाख ज्यू होते, त्यातले दहातले नऊ मारले गेले. जवळचं माणूस सापडायला ते वाचलेलं तरी हवं ना.

अजूनही त्या रविवारी चर्चमध्ये जातात. ज्यू धर्मात आई ज्यू असली की मूल ज्यूच, त्यासाठी आणखी काही करावं लागत नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. १९९१ मध्ये इथे युद्धातून वाचलेल्या ज्यू मुलांची एक संघटना स्थापन झाली, तिच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. सगळे ऐंशीच्या पुढचे, पण एकमेकांना मुलंच म्हणतात. तिथून येताना गाडीत त्या पहिल्यांदा गाणं गुणगुणत होत्या.

बाबा, तिकडे पितृपंधरवडा चालू असेल. आईच्या मृत्यूचा दिवस माहीत नसेल तर तिची आठवण कधी काढायची, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी सर्वपित्री अमावास्येचं सांगितलं, की ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एक दिवस राखलेला असतो. त्या किती वेळ माझा हात धरून बसल्या. मग कळलं की ज्यूंमध्येही आहे. तेवेत महिन्याचा दहावा दिवस, उपवासाचा. ज्यांच्या मृत्यूचा दिवस कुणाला माहीत नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी कद्दिश म्हणतात. मेलेल्यांसाठीची प्रार्थना, पण तिच्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती. यंदा तो दिवस ३० डिसेंबरला येतो. आम्ही सगळे जाणार आहोत.

आई, हे पत्र पोचेल तेव्हा सर्वपित्री होऊन गेलेली असेल. मुद्दामच उशिरा टाकतेय. नाहीतर तू त्यांच्या आईसाठी पान वाढलं असतंस, मला माहीत आहे. त्या माउलीला ज्यू म्हणून मारलं. आता तिची आठवण ज्यू म्हणूनच काढायची, असं विहीणबाईंच्या मनात आहे, आणि मला ते पटतं.

बाबा, तुमच्या जन्मतारखेची गोष्ट मी त्यांना सांगितली. मास्तरांनी शाळेत १ जून लिहून टाकली ती. आणि आजी सांगायची तीही, "पोलंडच्या बाया वळिवड्याला आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, शेंगा काढायच्या दिवसांत तू झालास." मग त्यांना वळिवड्याची छावणी सांगितली. रशियानं सायबेरियात हाकललेली माणसं, इराणमार्गे आलेली, बहुतेक बायका आणि मुलं, पाच हजार जण, १९४३ ते ४८ कोल्हापूरच्या कुशीत राहिली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या वडिलांचा वाढदिवस आमच्या माणसांवरून मोजलाय." आणि 'आमच्या' शब्दापाशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "असू दे. आमच्याच."

बाबा, त्या बायकांबद्दल आजी आणखी काय काय सांगायची ते आठवेल तेवढं लिहून पाठवा. बाजारात काय घ्यायच्या, मुलं कशी दिसायची, काहीही. विहीणबाई रोज विचारतात.

आणि आई, एक माझ्यासाठी. तुझ्या आईचं लग्नात नाव बदललं होतं ना? तिचं माहेरचं नाव काय होतं? लहानपणी तू एकदा सांगितलं होतंस, चुलीपुढे बसून, आणि मी विसरले. आता तुझ्याशिवाय ते सांगणारं कुणी नाही. फोनवर सांगू नकोस, कागदावर लिही, तुझ्या हातानं.

बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची लेक